विद्येचे फळ आणि दरमहाचा आकडा

मुंबई विद्यापीठाच्या मुद्रेवर जे बोधवचन आहे त्याचा आशय, विद्येचे फळ शील आणि सद्वर्तन होय, असा आहे. वचन महाभारतातले आहे. सभापर्वात नारद इंद्रप्रस्थास येतो, कोश, सैन्य, दुर्ग, कृषी, हेर, अमात्य अशा राज्यकारभाराच्या एकूणएक अंगांविषयी युधिष्ठिराची कसून झडती घेतो, आणि त्या दीर्घ प्रश्नमालिकेच्या ओघात युधिष्ठिराच्या एका प्रतिप्रश्नाला उत्तर देताना चार वस्तूंची चार फळे सांगतो: वेदांचे फळ अग्निहोत्र, धनाचे फळ दान आणि उपभोग, पत्नीचे फळ रतिसुख आणि संतती, व अध्ययनाचे फळ शील आणि वर्तन. मुद्रेसाठी त्यांतला एकच चरण उचलला गेला व उरलेले तीन ग्रंथातच राहिले, यात कोणाचा दोष नाही, कारण मुद्रेवर जागा थोडी असते. तथापि ज्या श्लोकातून तो चरण आला त्यात धन विद्येच्या शेजारीच बसलेले आहे. नारदाने त्या दोहोंत कार्यकारणाचे नातेही जोडलेले नाही आणि वैरही लावलेले नाही. हे शेजारपण मला त्या बोधवचनाहूनही अधिक विचारणीय वाटते.

या मुद्रेचा अंमल दक्षिणेस पार मालवण, वेंगुर्ले आणि दोडामार्गापर्यंत चालतो. मालवणच्या किनाऱ्यावरून विद्यापीठाच्या फोर्टातल्या मनोऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे पाचशे किलोमीटर आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून स्वतंत्र कोकण विद्यापीठ असावे ही मागणी वरचेवर उठते आणि वरचेवर निजते. परंतु आज तरी या जिल्ह्यांतल्या कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवीधराला जी सनद मिळते तिच्यावर मुंबईचीच मुद्रा असते. आणि ज्या घरात ती सनद येते त्या घरात, पेढे वाटून झाल्यावर, शीलाची किंवा वर्तनाची चौकशी कोणी करीत नाही. ‘शिकान तरी काय गावतला?’ हा प्रश्न प्रवेशाच्या वेळी विचारलेला असतो, आणि ‘पगार किती गावता?’ हा त्याचाच उत्तरार्ध तीन वर्षांनी विचारला जातो. विचारणारा बहुधा आजा असतो किंवा मामा, आणि त्याच्या स्वरात विद्येचा अनादर मुळीच नसतो. ज्याने आपली हयात दुसऱ्याच्या गलबतावर, गिरणीच्या खात्यात किंवा कचेरीच्या पायरीवर घालविली, त्याचा तो साधा जमाखर्च असतो.

या प्रश्नाला तुच्छ लेखण्याची आपल्या सुशिक्षितांना सवय आहे. विद्या विकावयाची वस्तू नाही, पदवीचे मोल पगारात करू नये, ज्ञान हेच ज्ञानाचे पारितोषिक, अशी वाक्ये पदवीदान-समारंभात दरसाल उच्चारली जातात, आणि ती उच्चारणारे गृहस्थ बहुशः अशा हुद्द्यावर असतात की ज्याचा दरमहा त्यांना पदवीवाचून मिळाला नसता. मला विचारावयाचे आहे ते इतकेच, की विद्येच्या फळाविषयी आपल्या धर्मग्रंथांनी आणि आपल्या थोरांच्या आचरणाने जे सांगितले आहे त्यात मालवणच्या त्या आज्याला खरोखरच जागा नाही काय?

प्रथम मालवणच्याच एका पदवीधराची गोष्ट घेऊ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवणास झाला. वडील मामलेदाराच्या कचेरीत कारकून होते, आणि पुढे महसूल खात्यातर्फे त्यांची बदली रत्नागिरीस झाली, म्हणून मुलाला इंग्रजी शाळा मिळाली. बदलीचा तो हुकूम निघाला नसता तर प्राच्यविद्येच्या इतिहासातले एक प्रकरण लिहिले गेले नसते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, आणि १८६२ साली त्याच्या बी. ए. च्या पहिल्या तुकडीत जे चौघे उत्तीर्ण झाले त्यांत महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक यांच्या बरोबर हे मालवणचे भांडारकर होते. पुढे ते हैदराबाद सिंध आणि रत्नागिरी येथे हेडमास्तर झाले, मग एल्फिन्स्टन व डेक्कन या कॉलेजांत संस्कृतचे अध्यापक झाले, आणि १८९३ साली, ज्या विद्यापीठाने त्यांना पहिली सनद दिली त्याचेच कुलगुरू झाले.

ही कथा शीलाची म्हणून सांगता येते, तशी वेतनाचीही सांगता येते, आणि दोन्ही प्रकारे ती खरीच असते. १८५४ च्या वुडसाहेबांच्या ज्या खलित्यातून हे विद्यापीठ निर्माण झाले त्यात, सरकारी खात्यांना विश्वासू व लायक नोकर मिळावेत हा शिक्षणाचा एक हेतू म्हणून उघडपणे नमूद केलेला आहे; म्हणजे पदवी आणि पगार यांचे लग्न विद्यापीठाच्या जन्माआधीच ठरलेले होते. त्याहून विशेष असे की भांडारकर संस्कृताकडे वळले तेच मुळी दक्षिणा फेलो म्हणून नेमणूक झाल्यावर, विद्याखात्याचे मुख्य हॉवर्ड यांच्या प्रेरणेने. ही फेलोशिप ज्या निधीतून मिळे तो पेशवाईतल्या श्रावणमासाच्या दक्षिणेचा अवशेष होता. पुण्यात रमण्यावर शास्त्रीपंडितांची परीक्षा होऊन ज्याच्या त्याच्या विद्वत्तेप्रमाणे जी दक्षिणा वाटली जाई, ती इंग्रजांनी एकदम बंद न करता आटवीत आटवीत पाठशाळा, पारितोषिके आणि अखेर फेलोशिपा यांच्याकडे वळविली. सारांश, आपल्याकडे विद्येला द्रव्याचा स्पर्श इंग्रजांनी घडविला, ही समजूत निराधार आहे. विद्वत्तेचा दर्जा ठरवून त्याबरहुकूम रक्कम मोजण्याचा शिरस्ता मॅकॉलेच्या पुष्कळ आधीचा होता.

आणि पेशव्यांच्याही पुष्कळ आधीचा. कालिदासाच्या रघुवंशात वरतंतूचा शिष्य कौत्स चौदा विद्या शिकून गुरुदक्षिणेचा आग्रह धरतो. गुरू म्हणतो, तुझी भक्ती हीच दक्षिणा. शिष्य ऐकत नाही. तेव्हा संतापलेला गुरू चौदा विद्यांचे चौदा कोटी सुवर्ण आणून दे म्हणतो. पदवीवार आकारणीचा इतका जुना दाखला दुसरा नसावा. आणि त्यात एक गोष्ट मला फार मनोज्ञ वाटते, ती ही की चौदाही विद्यांचा दर एकच आहे. व्याकरणाला एक कोटी, मीमांसेला एक कोटी, धर्मशास्त्रालाही एक कोटी. अमक्या विद्येला बाजारात मागणी आहे म्हणून तिचे अधिक, असे त्या रागावलेल्या आचार्याच्याही मनात आले नाही. आज सिंधुदुर्गातल्या एखाद्या महाविद्यालयात कला शाखेच्या अनुदानित वर्गाचे शुल्क आणि शेजारच्याच खोलीत चालणाऱ्या माहिती-तंत्रज्ञानाच्या किंवा व्यवस्थापनाच्या विनाअनुदानित वर्गाचे शुल्क ताडून पाहिले म्हणजे वरतंतूचा रागही समदर्शी होता असे म्हणावे लागते.

कौत्साची कथा तेथे संपत नाही. तो सोने मागावयास जातो तेव्हा विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेला रघू राजा त्याला मातीच्या पात्रातून अर्घ्य देतो. कुबेर रातोरात कोशात सोन्याचा वर्षाव करतो. राजा सगळेच सोने घे म्हणतो, आणि कौत्स गुरूच्या देण्याहून एक कवडी अधिक घेत नाही. कालिदासाने अयोध्येच्या नागरिकांकडून दोघांचीही प्रशंसा करविली आहे. धनाचे फळ दान आणि विद्येचे फळ वर्तन या दोन चरणांचे याहून सुंदर भाष्य मला ठाऊक नाही. आणि ते भाष्य सोन्याच्या राशीसमोर उभे राहून केलेले आहे, सोन्याकडे पाठ फिरवून नव्हे.

उपनिषदांतला याज्ञवल्क्य तर या बाबतीत अगदीच निःसंकोच आहे. जनकाने हजार गाई उभ्या केल्या, प्रत्येकीच्या शिंगांना सोने बांधले, आणि जो सर्वांत ब्रह्मज्ञ असेल त्याने त्या न्याव्यात असे सांगितले, कोणी धजेना, याज्ञवल्क्याने मात्र शिष्य सामश्रव्याला गाई हाकायला सांगितले, आणि अश्वलाने जाब विचारताच, ब्रह्मज्ञाला आमचा नमस्कार असो, आम्हांला गाई हव्या आहेत, असे उत्तर दिले. पुढे एकदा जनकाने त्याला विचारले की, आज येणे कशासाठी झाले, पशूंसाठी की सूक्ष्म प्रश्नांसाठी? दोन्हींसाठी, महाराज, असे तो म्हणाला. परंतु हाच याज्ञवल्क्य, संवादात प्रत्येक टप्प्यावर जनक हजार गाई देऊ करतो तेव्हा, पुरते शिकविल्यावाचून घेऊ नये असे माझ्या वडिलांचे मत होते, म्हणून त्या स्वीकारीत नाही. आणि अखेर सगळे वित्त दोन पत्नींत वाटून तो निघतो तेव्हा, या वित्ताने मी अमर होईन काय, या मैत्रेयीच्या प्रश्नाला सरळ नकार देतो. वित्ताने काय होते आणि काय होत नाही याचा इतका स्वच्छ हिशेब ज्याने मांडला त्याच्या गोठ्यात गाई होत्या. रिकाम्या गोठ्यातून उच्चारलेला नकार कदाचित इतका विश्वसनीय वाटला नसता.

दुसरी बाजू नाही असे नाही. ज्याची विद्या केवळ उदरभरणासाठी आहे अशा माणसाला ज्ञानाचा वाणी म्हणतात, असे मालविकाग्निमित्रात गणदास बजावतो, आणि वेतन घेऊन शिकविणाऱ्याला मनुस्मृती श्राद्धाच्या पंक्तीतून उठविते. मात्र गणदास स्वतः राजवाड्यातला पगारी नृत्याचार्य आहे, आणि या आचार्यांना फुकट पगार का द्यावा, त्यांची झुंज तरी पाहू, अशी विदूषकाची थट्टाही त्याच प्रवेशात ऐकू येते. विद्येची विक्री नको म्हणणारा माणूस पगारदार असावा हा योग कालिदासाने केवळ गंमत म्हणून घातला असेल असे मला वाटत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर विद्येच्या अर्थनिरपेक्षतेचा आदर्श आपण ज्यांच्याकडून घेतला ते गोपाळ गणेश आगरकर. एम. ए. च्या अभ्यासात असताना त्यांनी आईला लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे: मुलगा मोठ्या परीक्षा देत आहे तेव्हा मोठा पगार मिळेल असे मनोरथ करू नकोस, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून मी सर्व वेळ परहितार्थ खर्च करणार आहे, असा त्याचा मतलब. त्यांनी ते खरे केले. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज, असा तो उद्योग वाढत गेला, आणि आजीव सभासदाने वीस वर्षे पंचाहत्तर रुपये दरमहावर काम करावे हा दंडक पडला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले त्या दंडकाखाली राहिले. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन, पाहिजे ती सरकारी जागा मिळण्यासारखी असता, परत त्याच तुटपुंज्या वेतनावर रुजू झाले. कोकणच्या मातीने या व्रतासाठी जी माणसे दिली त्यांचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे.

पण या व्रताचा इतिहास लक्षपूर्वक वाचला तर त्यात एक गाठ लागते. १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले त्या कलहाचे एक मोठे कारण वेतन हेच होते: सभासदांनी ठराविक दरमहाखेरीज बाहेर काही मिळवावे की मिळवू नये, आणि त्याग करावयाचा तर तो सर्वांनी सारखा करावा की ज्याच्या त्याच्या संसाराप्रमाणे. दोन्ही पक्षांत निःस्पृह माणसे होती, आणि तरीही दुसऱ्याने किती त्याग करावा हे ठरविण्याची वेळ येताच त्यांच्यात फूट पडली. मला यात कोणा एकाचा न्यूनपणा दिसत नाही. त्यागाचे एक अंगभूत लक्षण मात्र दिसते, ते असे की स्वतःपुरता घेतलेला त्याग हा धर्म असतो, आणि तोच दुसऱ्यावर बसविला की तो कर होतो. आगरकरांचे पत्र आपण शाळेत शिकतो. ते ऐकून त्या माउलीला काय वाटले असेल हे मात्र आपल्या क्रमिक पुस्तकांनी कधी विचारले नाही.

मालवणच्या घरात तीच माउली बसलेली आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती, ती २०११ च्या खानेसुमारीत ८,४९,६५१ भरली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया एक हजार छत्तीस निघाल्या. पुरुष कुठे गेले हे कोणी सांगावयास नको. गिरण्यांच्या काळात ते गिरणगावात गेले, १९८२ च्या संपानंतर आणखी कोठे कोठे पांगले, आणि मनीऑर्डरीवर चालणारा प्रदेश अशी कोकणची जी ओळख पडली ती टपालखात्याची रीत बदलल्यानंतरही पुरती पुसली नाही. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ दरसाल राज्यात पहिले येते. आणि त्या उज्ज्वल निकालाचे पहिले दृश्य फळ म्हणजे जूनमध्ये सुटणाऱ्या गाड्यांतली गर्दी. अशा घराने, दागिना सोसायटीत गहाण ठेवून भरलेल्या शुल्काचे काय झाले असे विचारले, तर त्याला निष्कामकर्माचा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला पोचतो? विद्यापीठाला पोचत नाही, कारण शुल्क त्याने घेतलेले आहे. समाजालाही पोचत नाही, कारण या घरांच्या त्यागावर मुंबईचा संसार शंभर वर्षे चालला आणि त्याची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही.

येथे गीतेचा आधार घेण्यात येतो आणि तेथेच, माझ्या मते, मोठी गफलत होते. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हे वचन सर्वांच्या तोंडी आहे. परंतु त्याच गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्माचे जे लक्षण दिले आहे ते मुद्दाम पाहण्यासारखे आहे. जे कर्म पुढच्या परिणामाचा, होणाऱ्या हानीचा, दुसऱ्यास होणाऱ्या पीडेचा आणि स्वतःच्या सामर्थ्याचा विचार न करता केवळ मोहाने आरंभिले जाते, ते तामस. म्हणजे फळाची आसक्ती सोडा असे सांगणाऱ्या ग्रंथानेच, फळाचे ज्ञान न करून घेता कर्मास हात घालणे हे सर्वांत हीन कोटीत टाकले आहे. रत्नागिरीस जन्मलेल्या टिळकांनी गीतारहस्यात, १९१५ साली, कर्मयोग म्हणजे आंधळी धडपड नव्हे हे ज्या आग्रहाने मांडले त्याचा गाभा याच भेदात आहे: फलाशा टाकावयाची असते, विवेक टाकावयाचा नसतो. हा भेद आमच्या शाखानिवडीला लावून पाहा. ज्या मुलाला अमुक पदवीने साधारण काय मिळते, किती वर्षांनी मिळते, कोठे जाऊन मिळते, हे सर्व ठाऊक आहे आणि तरीही जो मराठी वाङ्मय किंवा प्राणिशास्त्र घेतो, त्याच्या निवडीत निष्कामतेला वाव तरी आहे. ज्याला यांतले काहीच ठाऊक नाही, जो केवळ शेजारचा गेला म्हणून गेला, त्याची निष्कामता कसली? टाकावयास हातात आधी काही असावे लागते.

कोकणच्या देवांना हा विवेक परका नाही. रवळनाथापुढे किंवा सातेरीपुढे गाऱ्हाणे घालताना मानकरी चाकरमान्यांच्या नोकरीधंद्याला बरकत मागतो आणि सभोवतालचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतात. पाषाणाला पाकळ्या लावून कौल मागणारा माणूस तर पुढचे पाऊल टाकण्याआधी परिणामच विचारीत असतो. पदवीच्या कमाईचा आकडा हा एका अर्थी नव्या काळचा कौल आहे, आणि जुन्या कौलाप्रमाणे तोही कोणी लावला, कसा लावला आणि काय विचारून लावला यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो.

तो आकडा आता सरकारदरबारी मागितला जातो. अमेरिकेत २०१५ पासून महाविद्यालयवार, आणि पुढे शाखावारही, पदवीधरांच्या मिळकतीचे कोष्टक सरकारी रीतीने लोकांपुढे ठेवले जाऊ लागले. आपल्याकडे २०१६ पासून प्रसिद्ध होणाऱ्या राष्ट्रीय मानांकनाच्या आराखड्यात संस्थेला किती विद्यार्थी मुदतीत उत्तीर्ण झाले, किती नोकरीस लागले, लागलेल्यांच्या वेतनाचा मध्यक काय, आणि किती उच्च शिक्षणास गेले, हे लिहून द्यावे लागते. मध्यक म्हणजे सर्व वेतने चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधले जे पडेल ते. सरासरीपेक्षा ते प्रामाणिक, कारण एखाद्या परदेशी नोकरीने ते फुगत नाही. परंतु ओळीत उभे कोणाला केले हा प्रश्न उरतोच. नोकरी लागलेल्यांचाच मध्यक काढला तर शंभरांतले दहाच लागले असले तरी आकडा देखणा येतो. जो पदवीनंतर तारकर्लीस घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देऊ लागला, जिने आईबरोबर कोकम आणि काजूचा घरगुती कारखाना काढला, जो स्पर्धापरीक्षेच्या तयारीत तिसरे वर्ष घालवीत आहे, जी लग्न होऊन सासरी गेली, त्यांपैकी कोणीही त्या ओळीत नाही. रापणीच्या मासेमारीत दोर ओढायला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा निघतो. त्या वाट्याला दरमहा म्हणता येत नाही, म्हणून पदवीधर रापणकार या कोष्टकात बेकार ठरतो किंवा अजिबात ठरतच नाही.

याहून खोल असे एक वैगुण्य त्या आकड्यात आहे, आणि त्याचे उदाहरण मालवणपासून फार दूर नाही. वेंगुर्ल्यास १९५७ साली एक फळ-संशोधन केंद्र निघाले. १९७२ साली दापोलीचे कृषी विद्यापीठ झाल्यावर ते त्याच्याकडे आले. तेथे काजूच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या जाती निवडल्या आणि संकरिल्या गेल्या. तेथेच नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली रत्ना हा आंबा आला, आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली अत्यंत पातळ कोयीचा सिंधू. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागांना अनुदान मिळू लागले तेव्हा जांभ्याच्या ज्या कातळवट वरकस जमिनीत पूर्वी गवताखेरीज काही येत नसे तेथे या कलमांच्या बागा उभ्या राहिल्या. आता या केंद्रात पदवी घेऊन आलेल्या संशोधकाचे मोल त्याच्या पगारपत्रकावरून काढा: सरकारी श्रेणीचा एक मध्यम आकडा निघेल. आणि त्याच्या विद्येचे द्रव्यरूप फळच पाहावयाचे असेल तर कुडाळ, सावंतवाडी, देवगड, वेंगुर्ले या तालुक्यांतल्या अशा शेतकऱ्यांच्या बागांत जाऊन पाहावे लागेल, ज्यांच्या घरात पदवी नाही आणि ज्यांना त्या संशोधकाचे नावही ठाऊक नाही. विद्या एकाने घ्यावी आणि तिचे उत्पन्न दुसऱ्याच्या खात्यात जमा व्हावे, हा विद्येच्या बाबतीत अपवाद नाही, पुष्कळदा नियमच आहे. शाळामास्तर, परिचारिका, ग्रंथपाल, सगळ्यांचे असेच. कमाईचे कोष्टक धारकाच्या नावावर लिहिले जात असल्यामुळे हे सर्व उत्पन्न त्यातून गळते. भांडारकरांच्या संस्कृत पाठ्यपुस्तकांवर किती पिढ्यांनी परीक्षा दिल्या आणि त्या परीक्षांवर किती जणांनी नोकऱ्या मिळविल्या याचा ताळेबंद मांडू म्हटले तरी मांडता यायचा नाही.

म्हणून आकडा लपवावा काय? मुळीच नाही. तो अपुरा आहे हे त्याला झाकण्याचे कारण होऊ शकत नाही. अपुरेपणासकट तो सांगणे हाच सत्याचा भाग आहे. शुल्क घेऊन प्रवेश देणारी संस्था ही, तिची इच्छा असो वा नसो, एका व्यवहारातला पक्ष असते, आणि मालाचे खरे वर्णन करणे हे आपल्या धर्मशास्त्राने वाण्यावरसुद्धा बंधनकारक केले आहे. मग ज्याच्या मुद्रेवर शील आणि वर्तन आहे त्याने तरी ते का टाळावे? मालवणच्या, कणकवलीच्या, सावंतवाडीच्या प्रत्येक महाविद्यालयाने शाखावार लिहून लावावे, की पाच वर्षांपूर्वी इतके उत्तीर्ण झाले, त्यांतले इतके जिल्ह्यात राहिले व इतके बाहेर गेले, राहिलेल्यांची आणि गेलेल्यांची मिळकत वेगवेगळी अशी अशी, इतके अद्याप वाट पाहात आहेत, आणि इतक्यांचा पत्ता लागला नाही. शेवटचा रकाना सर्वांत मोठा भरला तरी भरू द्यावा. राहिलेल्यांचा रकाना वेगळा असावा असा माझा विशेष आग्रह आहे, कारण आजचे कोष्टक गाव सोडण्यालाच यश समजते, आणि घरी राहून थोडे मिळविणाऱ्या मुलीची किंवा मुलाची गणना अपयशात करते. त्या हिशेबात गणपतीला पाच दिवस उघडणारे बंद घर हे यशाचे चिन्ह ठरते.

हे कोष्टक वाचून सगळी मुले एकाच वर्गात घुसतील आणि इतिहासाचा, तत्त्वज्ञानाचा वर्ग ओस पडेल, ही भीती मी ऐकलेली आहे. ती खरी असेलही. पण तो वर्ग जर मुलांच्या अज्ञानावरच भरत असेल तर तो भरलेला राहण्यात तत्त्वज्ञानाचा गौरव कोणता? शिवाय ज्यांना त्या विद्यांची खरोखर चाड आहे त्यांनी त्यागाची अपेक्षा अठरा वर्षांच्या मुलाकडून करण्याऐवजी आधी विद्यापीठाच्या आणि शासनाच्या तिजोरीकडून करावी. आज या महाविद्यालयांत कित्येक विषय तासिका तत्त्वावर नेमलेले अध्यापक शिकवितात. त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतलेली असते, नेट किंवा सेट उत्तीर्ण केलेली असते, पुष्कळांनी पीएच. डी. ही केलेली असते, आणि मोबदला मात्र वर्गात घालविलेल्या तासापुरता, सुटीत काहीच नाही. मनूने ज्याला पंक्तीतून उठविले त्या वेतनी अध्यापकाला निदान वेतन तरी होते. विद्या हे विद्येचेच पारितोषिक आहे, हा पाठ असा अध्यापक फळ्यासमोर उभा राहून देतो तेव्हा समोरची मुले त्याच्याकडे पाहात असतात, आणि मुलांना हिशेब चांगला येतो.

कोष्टकाचे काम कोणी करावयाचे हा प्रश्न व्यवहारात पहिल्याच बैठकीत निघेल. जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते हुडकावे लागतील, त्यांना फोन करावे लागतील, कोणी आकडा फुगवून सांगेल, कोणी लाजेने सांगणार नाही, कोणाची आई फोन घेऊन उलट आपल्याच मुलासाठी एखादी जागा आहे का म्हणून विचारील. कायम प्राध्यापक थोडे, कारकुनांच्या जागा रिकाम्या. तेव्हा हे काम बहुधा तासिका तत्त्वावरच्याच एखाद्या तरुण अध्यापकाच्या गळ्यात पडेल, आणि ते वर्गात केलेले नसल्यामुळे त्याचे तास देयकात धरले जाणार नाहीत.